सापाचं इंजेक्शन आणि घोड्याचं ऋण

पावसाळा लागला की खकनारच्या शिवारात सर्पदंशाची भीती वाढते. कपाशी निंदताना, रात्री पाणी द्यायला जाताना साप चावतो आणि घरचे माणसाला घेऊन दवाखाना गाठतात. तिथल्या ‘सापाच्या इंजेक्शना’मागे एक मुकं जनावर असतं. त्याच्याविषयीचे काही गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज: प्राण्यांवरचे प्रयोग हा शहरातल्या प्रयोगशाळांचा विषय.

वस्तुस्थिती: 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं दगावल्याचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. विषावर खात्रीचा उतारा म्हणजे प्रतिविष. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेपासून वाढवत टोचतात. त्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून, ती शुद्ध करून औषध बनवतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव या औषधाशी कित्येक दशकं जोडलेलं आहे.

गैरसमज: त्यासाठी घोड्याला मारतात.

वस्तुस्थिती: मारत नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशी त्याला परत देण्याचीही पद्धत आहे. पण ‘त्याला काहीच होत नाही’ हेही खोटं. टोचल्या जागी सूज येते, गळू होतं, रक्त कमी होतं. शिवाय औषधाची ताकद उंदरांवर तपासतात आणि त्या तपासणीत उंदीर मरतात.

गैरसमज: प्रयोगाच्या नावाखाली काहीही चालतं.

वस्तुस्थिती: 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांना मुभा दिली, पण अनावश्यक वेदना टाळण्याचं बंधनही घातलं. प्रयोग करणाऱ्या संस्थेत प्राणी नैतिकता समिती लागते. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर 2014 पासून बंदी आहे. जीव वाचवणं आणि चेहरा उजळणं यांना कायदा एका मापाने मोजत नाही, हे योग्यच आहे.

गैरसमज: प्राण्यांची बाजू घेणारे माणसाच्या मुळावर उठलेत.

वस्तुस्थिती: रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 मध्ये तीन सूत्रं मांडली: पर्याय शोधा, प्राण्यांची संख्या घटवा, वेदना कमी करा. यात माणसाचंही हित आहे, कारण प्राण्याला मानवलेलं औषध माणसाला मानवेलच असं नाही. 2006 मध्ये लंडनला माकडांना मानवलेल्या एका औषधाने सहा स्वयंसेवक अत्यवस्थ झाले होते. भारताने 2023 मध्ये नव्या औषधांच्या नियमांत मानवी पेशींवरच्या चाचण्यांसारख्या पर्यायांना जागा दिली.

साप चावलेल्याला आज प्रतिविष नाकारणं हा अधर्मच ठरेल. पण गरज आहे म्हणून घोड्याचं दुखणं नजरेआड करता येत नाही. त्याची नीट देखभाल आणि प्रयोगशाळेत बनणाऱ्या प्रतिपिंडांच्या संशोधनाला पैसा, या दोन्ही गोष्टी सरकारकडे मागायला हव्यात. आपल्या हातातही बरंच आहे: रात्री बॅटरी, पायात बूट, झोपताना खाट आणि मच्छरदाणी. चावलाच साप, तर झाडफुकीत वेळ न घालवता थेट दवाखाना. टळलेल्या प्रत्येक दंशाने माणूस वाचतो आणि घोड्यावरचा भारही हलका होतो.