हलत्या नजरेचा चष्मा

नेरूळ स्थानकातून मुंबई, पनवेल, ठाणे आणि उरण अशा निरनिराळ्या दिशांना लोकल गाड्या सुटतात. नित्याचा प्रवासी फलाटावरच्या फलकाकडे एक दृष्टिक्षेप टाकतो आणि आपली गाडी ओळखतो. परंतु ज्याची बुबुळे जन्मापासून अखंड हलत असतात, त्याला तेवढा एक क्षण पुरत नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या नवी मुंबईचा सारा व्यवहार सेक्टर, भूखंड, इमारत आणि बस यांच्या क्रमांकांवर चालतो. अशा शहरात मंद वाचणारी नजर घेऊन शिकायचे व नोकरी करायची, म्हणजे चष्म्याची निवड ही हौसेची बाब उरत नाही.

वैद्यकशास्त्र या अवस्थेस निस्टॅग्मस म्हणते. डोळे आपोआप, लयीत, बहुधा आडवे हलतात. जन्मजात प्रकार आयुष्याच्या पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतो. त्यामागे कधी रंगद्रव्याच्या अभावाचा अल्बिनिझम असतो, कधी जन्मजात मोतीबिंदू वा दृष्टिपटलाचा विकार असतो, तर कधी कोणतेही कारण सापडत नाही. अशा मुलाला जग सहसा हलताना दिसत नाही. त्याचा मेंदू त्या हालचालीशी जुळवून घेतो. मोठेपणी मात्र डोळे अकस्मात हलू लागले आणि समोरचे दृश्य डोलू लागले, तर चष्म्याच्या दुकानाची पायरी न चढता तातडीने डॉक्टरांकडेच गेले पाहिजे.

चष्म्याविषयी पहिला गैरसमज असा की, त्याने डोळे स्थिर होतील. ते होत नाहीत. या अनुभवाने दुसरा, अधिक घातक गैरसमज जन्मतो: मग चष्मा हवा कशाला? वस्तुतः अशा डोळ्यांत मोठा नंबर, विशेषतः तिरपा नंबर, वारंवार आढळतो. तो दुरुस्त न करणे म्हणजे हलत्या चित्रावर धूसरतेचा आणखी एक थर ठेवणे होय. हालचाल थांबत नसली, तरी धूसरता घालविता येते. आणि चष्म्याने दोन ओळी अधिक वाचता आल्या, तर फळ्यापासूनचे अंतर तेवढे कमी होते. अल्बिनिझम असल्यास प्रखर प्रकाश सोसत नाही. तेथे रंगीत काचेचाही उपयोग होतो.

निवडीचा खरा प्रश्न यापुढे सुरू होतो. बहुतेकांच्या बाबतीत नजरेचा एक विशिष्ट कोन असा असतो की, तेथे डोळ्यांची हालचाल सर्वांत कमी होते. तो कोन साधण्यासाठी मूल मान वळवून किंवा हनुवटी उचलून पाहते. ‘मान सरळ ठेव’ असे शिक्षक बजावतात, तेव्हा आपण त्या मुलाचे उत्तम दिसणे हिरावून घेत आहोत, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. त्याला वर्गात योग्य बाजूस बसविणे, हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे. परंतु मान वळवली की नजर भिंगाच्या मध्यातून न जाता कडेतून जाते आणि नंबर मोठा असेल तर कडेचे चित्र विकृत होते. म्हणून चौकट निवडताना मूल प्रत्यक्षात कसे पाहते, हे चष्मेवाल्याने पाहिले पाहिजे. काही रुग्णांना प्रिझमच्या भिंगांनी मान कमी वळवावी लागते. मान फारच वळत असल्यास डोळ्यांच्या स्नायूंची शस्त्रक्रियाही करता येते.

काँटॅक्ट लेन्सचा युक्तिवाद येथे बळकट ठरतो. ती डोळ्यावरच बसते, डोळ्याबरोबरच हलते. त्यामुळे नजर भिंगाच्या मध्यापासून फारशी ढळत नाही. मोठ्या नंबरात हा लाभ खरा आहे. तथापि लेन्समुळे हालचालच थांबते, या समजाला पुरेसा आधार नाही. इंग्लंडमधील लेस्टर येथील, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मऊ वा कठीण लेन्सने डोळ्यांची हालचाल चष्म्याहून अधिक घटल्याचे दिसले नाही.

शिवाय लेन्सला शिस्त लागते. हात धुणे, ठरलेले द्रावण वापरणे, लेन्स लावून न झोपणे, नळाचे पाणी तिला न लागू देणे यांत हयगय झाली, तर पारपटलाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. पावसाळ्यात भिजत, गर्दीतून आणि बांधकामांच्या धुळीतून प्रवास करणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. चष्म्याचा खर्च एकदा होतो. लेन्स आणि द्रावण यांचा पुन्हा पुन्हा. लिपिकाच्या पगारात द्रावणाची बचत होऊ लागली, तर तिची किंमत डोळा मोजतो. म्हणून लेन्स घेतली, तरी चांगला चष्मा जवळ असलाच पाहिजे.

या साऱ्याआधी तपासणी नीट व्हावी लागते. एक डोळा झाकला की काहींची हालचाल वाढते आणि नजर असते त्याहून कमी मोजली जाते. अशा वेळी दुसऱ्या डोळ्यापुढे धूसर करणारे भिंग ठेवून आणि दोन्ही डोळे उघडे ठेवूनही तपासावे लागते. मान हवी तशी वळवू द्यावी, वेळ द्यावा, घाई करू नये. कारण ताण आणि थकवा यांनी डोळे अधिक हलतात.

परीक्षागृहातही हेच घडते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे आणि ती उत्तम दुरुस्तीनंतरच्या चांगल्या डोळ्याच्या नजरेवर मोजली जाते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या उमेदवाराला लेखनिक न घेताही तीन तासांच्या लेखी परीक्षेत किमान एक तास अधिक देण्याची तरतूद होती. पण निस्टॅग्मस असलेली अनेक मुले त्या टक्केवारीच्या अलीकडेच राहतात. तक्त्यावरची अक्षरे ती वाचतात, मात्र सावकाश. आणि तक्ता वेळ मोजत नाही. त्यांच्यासाठी ठळक छपाई, पुढचा बाक आणि थोडा सबुरीचा शिक्षक, एवढे तरी शाळेला देता येईल. चष्मा की लेन्स, हे डॉक्टर आणि कुटुंब मिळून ठरवतील. मुलाला हवा असलेला वेळ मात्र भोवतालच्या माणसांनीच द्यायचा आहे.