कंठातील चाल जपावी कशी?

आषाढी एकादशीचा दिवस उजाडला की पंढरपुरास जाऊ न शकलेली कितीतरी मंडळी आपापल्या गावच्या विठ्ठलमंदिरात टाळमृदंगाच्या घोषात वारीचे सुख अनुभवितात. या भजनांतील शब्दांची चिंता आता कोणास करावी लागत नाही. तुकोबांची गाथा १८६९ ते १८७३ या काळात मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत प्रसिद्ध झाली आणि पुढे तिच्या नाना आवृत्त्या घरोघरी पोहोचल्या. शब्द असे कागदावर सुरक्षित झाले. चाल मात्र गाथेत छापलेली नसते. ती गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी, आणि कानातून कंठी, अशीच आजवर चालत आली आहे.

ही परंपरा किती नाजूक आहे, याचा प्रत्यय आमच्या भजनी मंडळास दोन वर्षांपूर्वी आला. मंडळातील वयोवृद्ध बुवा कार्तिकी वारीहून परतले आणि अल्पशा आजाराने वैकुंठवासी झाले. गौळणींच्या अनेक जुन्या चाली त्यांच्यापाशी होत्या. त्यांच्या आवाजाची एकच खूण मागे उरली. कोणीतरी मोबाईलवर घेतलेले अकरा मिनिटांचे ध्वनिमुद्रण. आम्ही ते ऐकावयास बसलो, तो टाळांचा खणखणाट तेवढा कानी आला. मोबाईल टाळकऱ्यांच्या मधोमध ठेवलेला. त्यातून मोठा आवाज आला की ते यंत्र आपोआप सारेच आवाज खाली ओढीत होते. त्यामुळे प्रत्येक ठोक्यागणिक बुवांचा स्वर बुडत गेला होता. दोष यंत्राच्या किमतीचा नव्हता, मांडणीचा होता.

बुवांचे एक गुरुबंधू शेजारच्या गावी आहेत. त्यांच्या चाली तरी नीट जपाव्यात, म्हणून आम्ही वर्गणी काढली. जमले अठरा हजार. व्यावसायिक मुद्रणगृह तासावर भाडे घेते आणि वृद्ध गायकाचा कंठ तासावर लागत नाही. म्हणून घरीच सोय करावयाचे ठरले.

घरी मुद्रण करण्यात कमीपणा तो कसला? १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले, तेही एका हॉटेलातील खोल्यांचे तात्पुरते मुद्रणगृह करूनच. त्या काळी मुद्रणास माइक नव्हता. गायक कर्ण्यासमोर तोंड धरून गात आणि मोठ्या आवाजाची वाद्ये मागे बसवीत. आवाजाचा तोल यंत्राने नव्हे, अंतराने साधला जाई. आम्ही तोच धडा गिरविला.

खर्चाचा हिशेब असा झाला: साधा डायनॅमिक माइक साडेतीन हजार, माइकचा आवाज संगणकात उतरविणारा ऑडिओ इंटरफेस नऊ हजार, कान पूर्ण झाकणारा हेडफोन तीन हजार, स्टँड व केबल दीड हजार, आणि उरलेल्या हजारात दोन पेनड्राइव्ह. संगणक घरचाच होता आणि ऑडॅसिटी ही प्रणाली विनामूल्य मिळते. कंडेन्सर माइक अधिक बारकावे टिपतो हे खरे; पण तो खोलीचा घुमारा आणि रस्त्यावरची वर्दळही तितक्याच तत्परतेने टिपतो. घरासाठी डायनॅमिक बरा.

त्याहून महत्त्वाची ती खोली. उघड्या सिमेंटच्या भिंतींत टाळी वाजविली की तिचा नाद क्षणभर रेंगाळतो; तोच गाण्याला चिकटतो. आम्ही दोन भिंतींवर जाड गोधड्या टांगल्या, खाली सतरंजीवर गादी अंथरली, कपड्यांचे कपाट उघडे ठेवले. घुमारा पुष्कळसा गेला. गोधडीने बाहेरचा आवाज मात्र थांबत नाही. त्यावर उपाय एकच, वेळ निवडणे. म्हणून काकड्याची पहाट धरली. पंखा बंद, फ्रीज बंद.

गायक माइकपासून वीतभर अंतरावर बसले. माइक समोरचे अधिक व पाठीमागचे कमी ऐकणारा असल्याने त्याची पाठ टाळकऱ्यांकडे केली आणि त्यांना दहा फूट मागे बसविले. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. खोलीत तो इतका उतरत नसला तरी फरक स्पष्ट जाणवतो. पखवाज मध्ये, सहा फुटांवर. मुद्रण ४८,००० हर्ट्झ व २४ बिटचे ठेवले, आणि सर्वांत मोठा स्वरही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहिले. कारण पातळी ओलांडून तुटलेला स्वर पुढे धड सांधता येत नाही. एका माइकच्या तासाभराच्या अशा मुद्रणास अर्धा गिगाबाइट जागा लागते. मूळ वेव्ह फाइल तशीच ठेवून तिच्या तीन प्रती केल्या. त्यांतील एक दुसऱ्या घरी ठेवली.

गौहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव उच्चारीत, कारण तबकड्या परदेशी तयार होत आणि तेथील कारागिरांना गायक ओळखता यावा लागे. आम्हीही प्रत्येक चालीनंतर गायकाचे नाव, गाव, तारीख आणि चाल कोणाकडून मिळाली हे त्यांच्याच तोंडून वदवून घेतले.

त्या पहाटे गुरुबंधूंनी सात गौळणी गाइल्या. आठवीचे ध्रुवपद म्हणून ते थांबले. डोळे मिटून बराच वेळ बसले आणि म्हणाले, "पुढचं त्याला येत होतं." आम्ही मुद्रण चालूच ठेवले होते. ते ध्रुवपद आणि त्यापुढची शांतताही आता जपून ठेवली आहे.

आजपासून चातुर्मास लागला. या चार महिन्यांत काही नेम धरण्याची आपली जुनी रीत आहे. वाचकहो, आपल्या मंडळातील सर्वांत वृद्ध गायकाच्या घरी एखाद्या पहाटे जाण्याचा नेम यंदा धरावा. वर्गणी न जमल्यास मोबाईलही चालेल. तो फक्त गायकाजवळ ठेवावा आणि टाळ दूर न्यावेत. कार्तिकीपर्यंत थांबू नये, एवढीच आमची विनंती.