तेलाच्या दाबाचा काटा काय सांगतो?

पायपर जे-3 कब हे दोन आसनांचे पिवळे विमान अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील लॉक हेवन या गावी तयार होत असे. 1947 मध्ये उत्पादन थांबेपर्यंत अशी सुमारे 20,000 विमाने बाहेर पडली आणि त्यांतली बरीच आजही उडतात. त्यांच्या नाकात बहुधा कॉन्टिनेन्टल ए-65 हे चार सिलिंडरांचे, 65 अश्वशक्तीचे इंजिन असते. याच घराण्यातले सी-90 हे इंजिन आपल्याकडच्या ‘पुष्पक’ विमानात बसवले गेले. डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये घडलेले हे विमान 1958 साली प्रथम उडाले आणि देशातल्या फ्लाइंग क्लबांत पुढे अनेक वर्षे विद्यार्थी त्यावर शिकले.

या विमानांत वैमानिकासमोर मोजकीच उपकरणे असतात. त्यांतला तेलाच्या दाबाचा काटा खाली आला की दोन टोकांच्या प्रतिक्रिया दिसतात: एक तर ‘जुने इंजिन आहे, चालायचेच’ म्हणून दुर्लक्ष, नाहीतर थेट संपूर्ण इंजिन उघडण्याची तयारी. पहिलीत जीव जाऊ शकतो, दुसरीत विनाकारण मोठा खर्च होतो. दोन्ही टाळायचे तर हा दाब मुळात कुठून येतो, हे समजून घ्यायला हवे.

पंप दाब निर्माण करतो, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात पंप फक्त तेल ढकलतो. दाब तयार होतो तो त्या तेलाच्या वाटेतल्या अडथळ्यामुळे. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की पाणी जोराने उडते, तसेच हे आहे. इंजिनात अंगठ्याचे काम बेअरिंगमधल्या अरुंद फटी करतात. दाब फार वाढू नये म्हणून स्प्रिंगवर बसवलेला रिलीफ व्हॉल्व्ह जादा तेल परत खाली सोडतो. म्हणजे काट्यावरचा आकडा हा पंप, व्हॉल्व्ह आणि फटी या तिघांचा एकत्रित हिशेब असतो.

क्रँकशाफ्टचा भार मात्र हा दाब पेलत नाही. 1883 मध्ये ब्यूचॅम्प टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना वरच्या बाजूला एक भोक पाडले. त्यातून तेल वर येऊ लागले म्हणून लाकडी खुंटी ठोकली, तर तीही बाहेर फेकली गेली. मग 200 पौंडांचा मापक लावला, तोही अपुरा पडला. फिरणारा दांडा स्वतःच तेलाला पाचरीसारखे आत ओढतो आणि त्या थरावर तरंगतो. पंपाचे काम तो थर संपू न देण्याचे. तेल पोहोचणे बंद झाले की धातूवर धातू घासू लागतो.

ए-65 मध्ये उड्डाणाच्या वेगाला दाब साधारण 30 ते 35 पौंड प्रति चौरस इंच असावा. गरम इंजिन मंद गतीने फिरत असताना 10 पौंड चालतात. सुरू केल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटात काटा हलला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा ठेवावा. आधी तेलाची पातळी आणि प्रत पाहावी. विमानाच्या तेलाचा ‘80’ हा आकडा मोटारीच्या तेलाच्या 40 शी जुळतो. या गोंधळात चुकीचे तेल पडू शकते. मग खात्रीचा दुसरा मापक जोडून पाहावा. वर्षानुवर्षे थरथरलेला जुना काटा खोटे बोलू शकतो.

विमान बराच काळ उभे असेल आणि दाब मुळीच येत नसेल, तर पंप कोरडा पडलेला असण्याची शक्यता मोठी. विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल्व्ह गळला की ती पाणी सोडते आणि वरून पाणी ओतावे लागते, तसेच येथेही पंपात तेल भरावे लागते. इंजिन जोडतानाच पंपाच्या दातांत व्हॅसलीन भरण्याची रीत त्यासाठीच आहे. काटा थरथरत असेल, तर तेल कमी आहे किंवा पंपाकडे येणाऱ्या वाटेत हवा शिरते आहे, असे समजावे.

दाब अचानक उतरला आणि थंड-गरम दोन्ही स्थितींत कमीच राहिला, तर रिलीफ व्हॉल्व्ह पाहावा. काजळीचा एखादा कण बैठकीवर अडकला तरी तो उघडा राहतो. येथेच एक मोह होतो: स्प्रिंगमागे वॉशर घालायचा. व्हॉल्व्ह नीट मिटत असेल आणि दोष झिजलेल्या बेअरिंगमध्ये असेल, तर वॉशरने झीज तसूभरही कमी होत नाही. फार तर थंड इंजिनाचा आकडा वाढतो आणि मालकाचे समाधान होते.

थंड असताना चांगला दाब, पण गरम झाल्यावर घसरण, हे झिजेचे लक्षण. तेल 40 अंश सेल्सिअसवरून 100 अंशांवर गेले की त्याचा दाटपणा साधारण दहा पटींनी उतरतो. शिवाय फट दुप्पट झाली तर त्याच दाबाला तिच्यातून आठपट तेल निसटते. झीज पंपातही असू शकते, कारण ए-65 मध्ये पंपाचे दाते इंजिनाच्या मागच्या आवरणातच फिरतात आणि त्याच्या भिंती कोरून काढतात. म्हणून आधी पंपाच्या फटी मोजाव्यात आणि गाळणी पाहावी. गाळणीत धातूचे चमकते कण असतील, तर बेअरिंग उघडण्यास पर्याय नाही.

हवेत असताना मात्र कारणे शोधत बसू नये. दाब उतरतो आहे आणि तेलाचे तापमान चढते आहे, तर इंजिन हातात असेपर्यंत उतरण्याजोगी जागा गाठावी. तापमान स्थिर असेल तर दोष मापकाचा असू शकतो; तरीही जवळच्या धावपट्टीवर उतरूनच ते ठरवावे.

या सगळ्यात सर्वांत स्वस्त साधन म्हणजे वही. दर उड्डाणात ठरावीक फेऱ्यांना तेलाचा दाब आणि तापमान टिपून ठेवले, तर 34, 33, 31 अशी संथ घसरण महिनोन्‌महिने आधी दिसते. एकटा 31 हा आकडा निर्दोष वाटतो. त्याच्या आधीचे आकडे शेजारी असले की इंजिन कधी उघडायचे, हे जमिनीवर, शांतपणे ठरवता येते.