तलावात मासा येतो कुठून?

बालाघाट परिसरातल्या तलावांत गळ टाकणाऱ्यांना रोहू, कटला, मृगळ हवे असतात. पण हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. त्यांना वैनगंगेसारख्या नदीचा पावसाळी पूर लागतो. म्हणून तलावात बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडावी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं आणि मत्स्यबीजासाठी नदीवर विसंबणं संपत गेलं.

गळ टाकताना खोली बघा: कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मरळ मात्र तलावातच वीण घालते, पिल्लं राखते. पावसाळ्यात पिल्लांच्या घोळक्याजवळची मरळ धरू नका. राखण गेली की पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात.