गुणाकाराचा मेळ : जुन्या मस्टँगचा गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल

इंजिन पुढे आणि गाडी ढकलणारी चाके मागे अशा रचनेच्या मोटारीत इंजिनाच्या फेऱ्या चाकांपर्यंत पोचण्यापूर्वी दोन ठिकाणी बदलतात : आधी गिअरबॉक्समध्ये आणि नंतर मागच्या अ‍ॅक्सलमध्ये, जिथे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाचा लहान पिनियन मोठ्या क्राऊन व्हीलला फिरवतो. क्राऊन व्हीलच्या दात्यांच्या संख्येला पिनियनच्या दात्यांनी भागले की अ‍ॅक्सलचे गुणोत्तर मिळते. 35 दाते आणि 9 दाते असतील, तर ते 3.89 येते, म्हणजे शाफ्टच्या 3.89 फेऱ्यांमागे चाकाची एक फेरी होते. गिअरचे गुणोत्तर आणि अ‍ॅक्सलचे गुणोत्तर यांचा गुणाकार हेच गाडीचे खरे गुणोत्तर असल्यामुळे यांपैकी एकाची निवड दुसऱ्याला वगळून करता येत नाही. फोर्डने 17 एप्रिल 1964 रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात सादर केलेली मस्टँग हे या नियमाचे बोलके उदाहरण आहे.

मस्टँगच्या व्ही-8 आवृत्त्यांना मिळणारा फोर्डचा चार गिअरचा गिअरबॉक्स ‘टॉपलोडर’ म्हणून ओळखला जातो, कारण त्याचे आतील भाग वरच्या झाकणातून बसवले जातात. तो दोन प्रकारांत मिळे. रुंद पायऱ्यांच्या प्रकारात गुणोत्तरे 2.78, 1.93, 1.36 आणि 1.00 अशी होती, तर जवळच्या पायऱ्यांच्या प्रकारात ती 2.32, 1.69, 1.29 आणि 1.00 होती. दोहोंचा टॉप गिअर थेट, म्हणजे 1.00 असल्याने, महामार्गावर इंजिन किती वेगाने फिरणार हे एकट्या अ‍ॅक्सलवर ठरे. चाकाचा परीघ 2 मीटर धरला, तर ताशी 100 किलोमीटर वेगाला 3.00 च्या अ‍ॅक्सलवर इंजिन मिनिटाला सुमारे 2,500 फेऱ्या घेते आणि 3.89 च्या अ‍ॅक्सलवर सुमारे 3,240. पहिला अ‍ॅक्सल प्रवासाला शांत असतो, पण जवळच्या पायऱ्यांच्या गिअरबॉक्सशी जोडल्यास पहिल्या गिअरचा गुणाकार 6.96 इतकाच राहतो, त्यामुळे गाडी जाग्यावरून हलवताना क्लच फार घसरवावा लागतो, 3.89 शी जोडल्यास तोच गुणाकार 9.02 होतो. म्हणूनच 4.7 लिटरच्या, मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर 271 अश्वशक्ती देणाऱ्या इंजिनासोबत कारखान्याने 3.50 आणि 3.89 सारखे अ‍ॅक्सल दिले, कारण त्या इंजिनाची ताकद वरच्या फेऱ्यांमध्ये होती आणि त्याला तिथे ठेवण्यासाठी जवळच्या पायऱ्या व मोठे गुणोत्तर दोन्ही हवे होते.

चार गिअरमध्ये उठाव आणि प्रवास यांची तडजोड अटळ होती. ती पाचव्या गिअरने सुटली. बॉर्ग-वॉर्नरचा टी-5 हा पाच गिअरचा गिअरबॉक्स 1983 पासून नव्या मस्टँगमध्ये आला आणि पुढे तो जुन्या मस्टँगमध्येही बसवला जाऊ लागला. त्याच्या प्रचलित आवृत्तीची गुणोत्तरे 3.35, 1.99, 1.33, 1.00 आणि 0.68 आहेत. पाचवा गिअर एकाहून लहान असल्यामुळे 3.50 च्या अ‍ॅक्सलवर 100 किलोमीटरच्या वेगाला इंजिन सुमारे 1,980 फेऱ्यांवर येते, आणि तरीही पहिल्या गिअरचा गुणाकार 11.7 इतका भरघोस राहतो. मात्र तोच गिअरबॉक्स 2.80 च्या अ‍ॅक्सलशी जोडला, तर इंजिन त्याच वेगाला 1,590 फेऱ्यांच्या आसपास रेंगाळते, आणि चढावर किंवा ओव्हरटेक करताना चालकाला पुन्हा पुन्हा चौथ्यात यावे लागते. वरच्या फेऱ्यांसाठी घडवलेल्या कॅमशाफ्टच्या इंजिनाला तर ही गती सोसवतच नाही. शिवाय पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना टी-5 मध्ये फेऱ्या सुमारे 41 टक्क्यांनी उतरतात, जवळच्या पायऱ्यांच्या टॉपलोडरमध्ये मात्र 27 टक्क्यांनी. म्हणून केवळ टॉप गिअरचा आकडा पाहून निवड करणे धोक्याचे ठरते.

प्रत्यक्ष कामात अ‍ॅक्सलचा बदल हा हिशेबाइतकाच कौशल्याचाही भाग असतो. फोर्डच्या 8 आणि 9 इंची अ‍ॅक्सलमध्ये, ज्यांची नावे क्राऊन व्हीलच्या व्यासावरून पडली आहेत, डिफरन्शियलचा संपूर्ण गोळा हौसिंगमधून पुढच्या बाजूने बाहेर काढता येतो. त्यामुळे तो टेबलावर घेऊन पिनियनची खोली आणि दात्यांमधील मोकळीक जुळवणे आणि रंग लावून दात्यांचा स्पर्श तपासणे सोपे जाते. मोकळीक चुकली की दाते गुणगुणू लागतात आणि लवकर झिजतात. गिअरबॉक्स बदलल्यास प्रोपेलर शाफ्टची लांबी व कोन पुन्हा पाहावे लागतात, आणि स्पीडोमीटरची वायर गिअरबॉक्सच्या बाहेर जाणाऱ्या शाफ्टवरून फिरत असल्याने अ‍ॅक्सल किंवा टायर बदलताच तिचा लहान प्लास्टिकचा गिअरही बदलावा लागतो.

या सर्वांतून निष्पन्न होणारा क्रम स्पष्ट आहे : प्रथम इंजिनाची ताकद कोणत्या फेऱ्यांत आहे हे जाणावे, मग गाडी प्रामुख्याने कोणत्या वेगाने आणि कशा रस्त्यावर चालणार हे ठरवावे, त्यानंतर टायरचा परीघ मोजून पहिल्या आणि शेवटच्या गिअरचे गुणाकार मांडावे, आणि सर्वांत शेवटी भाग विकत घ्यावे. ज्यांना जुनी मोटार केवळ देखणी नव्हे तर रस्त्यावर वापरण्याजोगी ठेवायची आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब इंजिनाच्या अश्वशक्तीइतकाच मोलाचा आहे.