११५ फोटोंचे ८,४७८ कोटी

व्हिएन्नाचं वैद्यकीय विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधला त्वचेच्या कर्करोगाचा एक दवाखाना, या दोन ठिकाणी वीस वर्षांत जमलेले १०,०१५ फोटो २०१८ मध्ये संशोधकांसाठी खुले झाले. संग्रहाचं नाव हॅम-१००००. त्यातले ६,७०५ फोटो साध्या तिळांचे. मेलानोमा या जीवघेण्या कर्करोगाचे १,११३. आणि डर्मॅटोफायब्रोमा, म्हणजे बहुधा पायावर येणारी टणक, निरुपद्रवी गाठ, तिचे फक्त ११५. एकास अठ्ठावन्न!

या फोटोंवर शिकणारा संगणक डोळे मिटून प्रत्येक वेळी ‘साधा तीळ’ म्हणाला, तरी शंभरातली ६७ उत्तरं बरोबर येतात. मेलानोमा मात्र एकही सापडत नाही. म्हणून दुर्मिळ प्रकाराचे फोटो वाढवायचे. नवे रुग्ण मिळत नाहीत, तेव्हा आहेत त्याच फोटोंची रूपं बदलायची. याला ऑगमेंटेशन म्हणतात.

एकच फोटो घेऊन गुणाकार करून पाहा. आरशातली प्रतिमा धरून झाले दोन. प्रत्येक फोटो एकेक अंशाने फिरवला की ७२०. जवळ-लांब करण्याच्या दहा पायऱ्या: ७,२००. उजेडाच्या दहा आणि गडद-फिक्या फरकाच्या दहा: ७,२०,०००. आता २५६ पिक्सेलच्या चौरसात २२४ पिक्सेलची चौकट सरकवायची, ३२ जागा आडव्या आणि ३२ उभ्या. बेरीज नव्हे, पुन्हा गुणाकार: ७३ कोटी ७२ लाख ८० हजार. एका फोटोचे! ११५ फोटोंचे होतात ८,४७८ कोटी ७२ लाख. सेकंदाला एक या वेगाने ते बघायला २,६८६ वर्षांहून जास्त काळ लागेल. गौतम बुद्धांच्या जन्माआधी बघायला बसलेल्या माणसाचं काम आत्ता कुठे संपत आलं असतं. २०१२ मध्ये गाजलेल्या अ‍ॅलेक्सनेट या चित्रं ओळखणाऱ्या संगणक-प्रणालीने यातल्या फक्त दोन युक्त्या, आरसा आणि सरकती चौकट, वापरून प्रत्येक फोटोमागे २,०४८ रूपांचा हिशेब मांडला होता. ही रूपं कुठे साठवून ठेवत नाहीत. शिकवणी चालू असतानाच ती घडतात, वापरली जातात आणि पुसली जातात.

पण ते ११५ फोटो मुळात ७३ गाठींचे आहेत. एकाच गाठीचे दोन-दोन, तीन-तीन फोटो त्यात आहेत. म्हणजे ८,४७८ कोटी रूपं त्याच ७३ गाठींभोवती फिरत राहतात. संग्रहातला प्रत्येक फोटो ६०० बाय ४५० पिक्सेलचा. तीन रंग धरले तर ८,१०,००० आकडे, आणि प्रत्येक आकड्याच्या २५६ शक्यता. या मापाचे एकूण किती वेगवेगळे फोटो असू शकतात, ती संख्या लिहायला साडेएकोणीस लाखांहून अधिक अंक लागतात. दृश्य विश्वातल्या अणूंच्या संख्येला ऐंशीएक अंक पुरतात. आपल्या ८,४७८ कोटींना तर अकराच.

म्हणून इथे क्रम फार महत्त्वाचा. संग्रहातल्या १०,०१५ फोटोंमागे गाठी नि तीळ आहेत ७,४७०. शिकवणीचे आणि परीक्षेचे फोटो आधी या ७,४७० प्रमाणे वेगळे करायचे आणि मगच शिकवणीचे तेवढे वाढवायचे. उलट केलं की परीक्षेत शिकवणीतलीच गाठ जरा फिरून समोर येते आणि संगणकाला फुकटचे गुण मिळतात. असे गुण जाहीर करणं मला गंभीर चूक वाटते, कारण त्यांवर विसंबून कुणीतरी माणूस तपासायचा असतो.

सगळे बदल सगळीकडे चालतात असंही नाही. तिळाला वरची-खालची बाजू नसते, म्हणून तो कसाही फिरवता येतो. पण निळसर-पांढुरकी झाक ही मेलानोमाची एक खूण असते. रंग मनमानीने बदलले की खूणच पुसली जाते.

आणि फोटो कितीही काळपट केला तरी व्हिएन्नातल्या गोऱ्या त्वचेवरचा तीळ नांदेडच्या सावळ्या त्वचेवरचा होत नाही. सावळ्या-काळ्या वर्णात मेलानोमा तुलनेने जास्त वेळा तळपायावर, तळहातावर, नखाखाली उगवतो. १९८१ मध्ये गायक बॉब मार्ली गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालून सुरू झालेल्या मेलानोमाने. पोटरीवरच्या तिळाचे अब्जावधी फोटो केले, तरी त्यातून नखाखालचा एक डाग निघत नाही. त्यासाठी त्या माणसाचाच फोटो लागतो.

संग्रह मोठे होत जातात तसं साध्या तिळांचं आणि कर्करोगाचं विषम प्रमाण आणखी वाढतं. त्वचेचा कर्करोग फोटोवरून ओळखण्याच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शिकवणीसाठी ४,०१,०५९ फोटो दिले होते आणि त्यात कर्करोगाचे फक्त ३९३. हजाराला एकही नाही. तिथे प्रत्येक वेळी ‘नाही’ म्हणणारा संगणक ९९.९ टक्के बरोबर ठरला असता. आयोजकांनी ती टक्केवारी मोजलीच नाही. शंभरातले किमान ऐंशी कर्करोग पकडले जातील, त्या पातळीच्या वरच गुण मोजायचे, असा नियम त्यांनी घातला.