चंचल मूल आणि कपभर चहा

कल्याण-डोंबिवलीच्या घरांत मुलाला चहा देणं ही काही चोरून करायची गोष्ट नाही. सकाळची शाळा, वडिलांची ठाण्याकडे जाणारी लोकल, आईची डब्यांची घाई. या सगळ्यात चहा-चपाती हा सर्वांत सोपा नाश्ता. त्यामुळे ‘चहात लक्ष एकाग्र करणारं द्रव्य असतं’ असं कानावर आलं, की एडीएचडी असलेल्या मुलांच्या पालकांना हायसं वाटतं. ठाण्यात आणि डोंबिवलीत हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेला, की शेवटी मूळ शोधनिबंधच वाचायला घेतले. प्रश्नामागची भीती खरी असते. लेकराला रोज मिथिलफेनिडेटची गोळी द्यायची, या कल्पनेनंच पोटात गोळा येतो.

या द्रव्याचं नाव थिआनिन. जपानी शास्त्रज्ञ साकातो यांनी १९४९मध्ये ते ग्योकुरो या उंची चहाच्या पानांत शोधलं. चहाचं झाड ते मुळांत तयार करतं. पानांत पोहोचल्यावर उन्हानं त्याचं रूपांतर कॅटेचिन या तुरट द्रव्यांत होऊ लागतं. म्हणून ग्योकुरोची झुडपं खुडणीआधी सावलीत झाकून ठेवतात. आपल्याकडच्या पावडरीच्या चहाला असले लाड माहीत नाहीत, तरी थिआनिन त्यातही असतंच.

आता पुरावा. २०११मध्ये एडीएचडी असलेल्या ८ ते १२ वर्षांच्या ९८ मुलग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा आठवडे रोज ४०० मिलिग्रॅम थिआनिन किंवा तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या. थिआनिन घेणाऱ्यांची झोप अधिक शांत झाली, मात्र झोप लागायला तेवढाच वेळ लागत राहिला. मुख्य मोजमाप झोपेचं होतं, लक्षाचं नव्हे. ही गोष्ट ऐकीव माहितीत हमखास गळते. निबंधाच्या तीन लेखकांपैकी दोघे थिआनिन बनवणाऱ्या कंपनीतले, हेही.

लक्ष प्रत्यक्ष मोजणारा अभ्यास २०२०चा. त्यात थिआनिन आणि कॅफीन एकत्र दिल्यावर आकलनाच्या चाचण्यांत सुधारणा दिसली. नुसत्या कॅफीननं मात्र स्वतःला आवरण्याची क्षमता खालावली. मुलं किती? फक्त पाच. पाच मुलांवरून दिशा कळते, औषध ठरत नाही.

शिवाय मात्रेचं गणित आहे. त्या प्रयोगात वजनाच्या दर किलोमागे अडीच मिलिग्रॅम थिआनिन आणि दोन मिलिग्रॅम कॅफीन होतं. म्हणजे २५ किलोच्या मुलाला सुमारे ६२ आणि ५०. आपल्या कपात प्रमाण उलटं असतं: २०० मिलिलिटर काळ्या चहात थिआनिन साधारण २४ मिलिग्रॅम, आणि कॅफीन, राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आकड्यांनुसार, दर कपामागे ३० ते ६५. चारशे मिलिग्रॅम थिआनिनसाठी सोळा-सतरा कप लागतील. तेवढ्या कॅफीननं मोठा माणूससुद्धा रात्रभर छताकडे बघत बसेल.

कॅफीनचा मोह तसा जुना आहे. १९७३मध्ये एका अमेरिकन डॉक्टरांनी अतिचंचल मुलांना गोळीऐवजी कॉफी द्यावी असं सुचवलं होतं; पुढच्या नियंत्रित चाचण्यांत ती आशा टिकली नाही. संध्याकाळी पाचला क्लासला जाताना घेतलेल्या चहातलं जवळजवळ अर्धं कॅफीन रात्री दहालाही अंगात असू शकतं, आणि अपुऱ्या झोपेनंतर या मुलांची दुसऱ्या दिवशीची शाळा कशी जाते, ते घरच्यांना ठाऊक असतं.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो लोहाचा मुद्दा, ज्याबद्दल कुणीच विचारत नाही. चहातली टॅनिनं जेवणातलं लोह बांधून ठेवतात. १९७५मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय गृहिणींवर झालेल्या प्रयोगात जेवणाबरोबर चहा घेतल्यावर लोहाचं शोषण खूपच घटलं होतं. दुसरीकडे, २००४च्या एका फ्रेंच अभ्यासात एडीएचडी असलेल्या ८४ टक्के मुलांचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, ३०च्या खाली आढळलं. इतर मुलांत हे प्रमाण १८ टक्के होतं. नंतरचे निष्कर्ष संमिश्र आहेत आणि लोह कमी म्हणून एडीएचडी होतो असं यातून सिद्ध होत नाही. पण महाराष्ट्रात पाच वर्षांखालची दोन तृतीयांशांहून अधिक मुलं रक्तक्षयी आहेत, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं.

म्हणून विचारणाऱ्या पालकांना मी दोन गोष्टी सांगतो. गोळी सुरू करायची की थांबवायची हे मानसोपचारतज्ज्ञांशी बोलूनच ठरवा, आणि त्याच भेटीत फेरिटिन तपासायचं का तेही विचारा. चहा पूर्ण तोडता येत नसेल, तर निदान तो चपातीबरोबर नको. जेवणखाणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा टाळा, असं पोषण संस्थाही सांगते. सकाळी सहाच्या घाईत हे जमवणं अवघड आहे, हे मान्य. काही घरांनी चपातीबरोबर नुसतं दूध सुरू केलं. एका आजोबांनी मात्र नातवाचा चहा बंद होताच स्वतःचाही कप खाली ठेवला.